स्वावलंबन कोणाचे? ‘सेल्फ-हेल्प’ या पुस्तकाच्या निमित्ताने

प्रथम वर्षाच्या वर्गात पहिल्या तासाला एक प्रश्न विचारण्याची आमची जुनी प्रथा आहे. आपण होऊन हाती घेतलेले आणि शेवटच्या पानापर्यंत वाचलेले अलीकडचे पुस्तक कोणते? एके काळी उत्तरादाखल कादंबऱ्यांची नावे येत, एखादे आत्मचरित्र येई. गेली अनेक वर्षे मात्र बहुतेक चिठ्ठ्यांवर यश, सवयी, श्रीमंती, वेळेचे नियोजन आणि मनाचे सामर्थ्य या विषयांवरील पुस्तकेच दिसतात. त्या चिठ्ठ्या वाचून शिक्षकांच्या खोलीत आम्ही थोडेसे हसत असू, हे कबूल केले पाहिजे. एका वर्षी रात्रपाळीत पहारेकऱ्याची नोकरी करून सकाळी वर्गात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने आम्हाला उलट विचारले, ‘सर, तुम्ही नेमलेल्या पुस्तकांत मी नाही. या पुस्तकात मी आहे. मग मी कोणतं वाचू?’ त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. हसू मात्र ओसरले.

या पुस्तकांना साहित्याच्या इतिहासात जागा नाही. ग्रंथालयात ती ‘संकीर्ण’ विभागात जातात, समीक्षकांच्या लेखी ती अस्तित्वातच नसतात. ज्या वाङ्मयप्रकाराचा वाचक संख्येने कदाचित सर्वांत मोठा आहे, त्याच्याविषयी साहित्याच्या अभ्यासकांनी मौन पाळावे, हे काही आमच्या शास्त्राला भूषणावह नाही. म्हणून आम्ही या प्रकाराच्या मुळाशी असलेले, ज्याच्या नावावरून या साऱ्या प्रकाराला इंग्रजीत नाव पडले, ते पुस्तक वाचावयास घेतले. सॅम्युअल स्माइल्स या स्कॉटिश गृहस्थाचे ‘सेल्फ-हेल्प’. प्रकाशन सन १८५९, प्रकाशक लंडनचे जॉन मरे. याच वर्षी, याच प्रकाशकाने डार्विनचा ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मिलचा ‘ऑन लिबर्टी’ हा निबंधही त्याच वर्षीचा. तिघांत सामान्य वाचकाने सर्वाधिक उचलून धरले ते स्माइल्सला. पहिल्या वर्षात वीस हजार प्रती खपल्या. १८८९ पर्यंत हा आकडा दीड लाखावर गेला आणि १९०४ साली लेखक वारला त्या सुमारास तो अडीच लाखांपुढे होता. गंमत अशी, की हेच हस्तलिखित १८५५ मध्ये रूटलेज या प्रकाशकाने नाकारले होते. पुढे एका मेजवानीत रूटलेजसाहेबांनी ‘आपले पुस्तक छापण्याचा मान आम्हाला कधी मिळणार?’ असे विचारले, तेव्हा ‘नाकारण्याचा मान आपण पूर्वीच घेतला आहे’ अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ही हकिकत स्माइल्सने आत्मचरित्रात मोठ्या समाधानाने नोंदविली आहे. मरे यांच्याशी व्यवहार करतानाही त्याने ग्रंथाचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि प्रकाशकाला अडत तेवढी दिली. स्वावलंबनाचा उपदेशक व्यवहारात कच्चा नव्हता.

स्माइल्सचा जन्म १८१२ साली स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन या गावी झाला. अकरा भावंडे. बाप १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत गेला. आईने गावातले लहानसे दुकान चालवून मुलाचे एडिंबरोतील वैद्यकीचे शिक्षण पुरे होऊ दिले. (ही बाई पुढे आपल्याला पुन्हा आठवावी लागेल.) वैद्यकीत जम बसेना, तेव्हा तो पत्रकारितेकडे वळला आणि १८३८ साली ‘लीड्स टाइम्स’ या पत्राचा संपादक झाला. हे पत्र सुधारणावादी होते. ज्यांना मताधिकार नव्हता अशा कामकऱ्यांच्या बाजूने ते लिहीत असे आणि स्माइल्स स्वतः १८४० मध्ये संसदीय सुधारणा मागणाऱ्या स्थानिक संघटनेचा चिटणीस होता. आज ‘सेल्फ-हेल्प’ हे नाव ऐकताच भांडवलदारांच्या पाठीराख्याची जी मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते, तिच्याशी हा तरुण संपादक जुळत नाही. तो रेल्वे कंपनीचा चिटणीस झाला तो १८४५ नंतर.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्माइल्सने त्याच्या जन्माची कथा सांगितली आहे. आमच्या मते संपूर्ण ग्रंथातील सर्वांत सुंदर पाने हीच. लीड्समधील दोन-तीन अगदी गरीब तरुणांनी हिवाळ्याच्या रात्री एकत्र बसून एकमेकांना शिकवायचे ठरविले. ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला सांगावे, एवढाच अभ्यासक्रम. प्रथम ते एकाच्या झोपडीवजा घरात जमत. मंडळी वाढली, जागा पुरेना. उन्हाळा आला तसे ते बागेतील एका खोपटाभोवती उघड्यावर बसू लागले. मध्येच पावसाची सर येई, पाट्यांवरची गणिते पुसून जात आणि त्या दिवशीचा वर्ग तसाच मोडे. पुन्हा हिवाळा तोंडावर आला, तेव्हा त्यांनी गावातली एक मोठी, कळकट खोली भाड्याने घेतली. ती त्यांना परवडली, कारण तिला दुसरा भाडेकरू मिळत नव्हता. कॉलऱ्याच्या साथीत त्या जागेत तात्पुरते इस्पितळ होते आणि लोक तिच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. या मुलांना त्याची पर्वा नव्हती. त्या खोलीत दिवे लागले, बाके आली, वाचन, लेखन, अंकगणित, भूगोल सुरू झाले. सुमारे शंभर जण झाले. मग त्यांना वाटले, कोणी चार गोष्टी सांगावयास यावे. ते स्माइल्सकडे गेले. त्याने तेथे जी व्याख्याने दिली त्यांतून पुढे हा ग्रंथ झाला. काही वर्षांनी एक तरुण कारखान्याची धूळ अंगावर घेऊन त्याच्या दारी आला आणि आपण आता चार माणसांना काम देतो, ते तुमच्या त्या शब्दांमुळे, असे सांगून गेला. त्यावरून ही टिपणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध करावी असे स्माइल्सच्या मनाने घेतले.

ही कथा पुन्हा एकदा सावकाश वाचावी. इथे एकट्याने केलेले काहीच नाही. खोली सगळ्यांच्या वर्गणीची, शिक्षक तेच आणि विद्यार्थीही तेच. त्यांच्या मंडळाचे नावच ‘परस्पर-सुधारणा मंडळ’ अशा अर्थाचे होते, आणि अशी मंडळे त्या काळी इंग्लंडच्या गिरणगावांत ठिकठिकाणी होती. परंतु प्रस्तावना संपून पहिले प्रकरण उघडले की ही शंभर मुले नाहीशी होतात. पुढच्या तेरा प्रकरणांत ओळीने भेटतात ती एकेकटी माणसे: संशोधक, कुंभार, शिल्पकार, सेनापती, व्यापारी. ज्या ग्रंथाची प्रस्तावना ‘परस्पर’ या शब्दाची आहे त्याचा मजकूर ‘स्व’ या शब्दाचा व्हावा, हे झाले कसे?

यासाठी त्या शब्दाकडे पाहावे लागते. ‘सेल्फ-हेल्प’ हा शब्द स्माइल्सने घडविलेला नाही. त्याच्या ग्रंथाच्या थोडे आधी जॉर्ज जेकब होलियोक या सहकारवादी लेखकाने रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये उभारलेल्या सहकारी दुकानाचा इतिहास लिहिला होता आणि त्याचे नावच ‘सेल्फ-हेल्प बाय द पीपल’ असे ठेवले होते. म्हणजे १८५० च्या दशकात हा शब्द श्रीमंतांच्या दानधर्मावर व सरकारच्या मेहेरबानीवर न विसंबता आपण सर्वांनी मिळून आपले पाहणे, या अर्थाने कामकऱ्यांच्या बोलण्यात होता. ‘स्व’ होता, पण तो बहुवचनी होता. अलेक्झांडर टिरेल यांनी १९७० मध्ये आणि आर. जे. मॉरिस यांनी १९८१ मध्ये स्माइल्सच्या लीड्समधील दिवसांचा जो अभ्यास केला, त्यावरून या स्थित्यंतराची पार्श्वभूमी ध्यानात येते. १८४० च्या दशकात मध्यमवर्गीय सुधारक आणि कामगार यांची एकजूट करण्याचे प्रयत्न फसले, चार्टिस्ट चळवळ १८४८ नंतर विझली आणि राजकारणातून जे साधले नाही ते व्यक्तीच्या शीलातून साधेल अशी आशा मागे उरली. मॉरिस यांनी याला माघार म्हटले आहे. आम्हाला हा शब्द पटतो. पराभूत राजकारणाची माघार असल्यामुळेच की काय, या ग्रंथाच्या आशावादाच्या तळाशी एक उदास सूर सतत लागलेला असतो.

तो सूर कुठे ऐकू येतो? बर्नार्ड पॅलिसीच्या कथेत. सोळाव्या शतकातील हा फ्रेंच कुंभार पांढऱ्या मिन्याचे रहस्य शोधण्यासाठी वर्षानुवर्षे भट्टी पेटवीत राहिला. सरपण संपले तेव्हा बागेचे कुंपण गेले, मग घरातले मेज-खुर्च्या, मग फळ्या. बायकामुले अन्नाला मोताद, शेजारी त्याला वेडा म्हणताहेत, आणि हा भट्टीसमोर जागा. अखेर मिना वितळला. परंतु या गोष्टीचा शेवट काय? आपल्या प्रॉटेस्टंट श्रद्धेपायी म्हातारपणी तो बॅस्टीलच्या तुरुंगात मेला. आजच्या यशोग्रंथात हा शेवट चालणार नाही. संपादक तो कापून टाकील. स्माइल्सने तो ठेवला. एवढेच नव्हे, तर १८६६ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने ग्रंथाच्या नावाबद्दल खेद व्यक्त केला. नावामुळे काहींना हे स्वार्थाचे स्तोत्र वाटले, प्रत्यक्षात हेतू नेमका उलट होता, असे त्याचे म्हणणे. सत्कार्यात आलेले अपयशही त्याला तोलामोलाचे वाटत होते.

मराठी वाचकाला ही कथनपद्धती ओळखीची वाटेल. महीपतीच्या ‘भक्तविजया’त (१७६२) भक्ताची जशी कसोटी लागते, घरचे विटतात, लोक हसतात आणि शेवटी साक्षात्कार होतो, त्याच वळणाने स्माइल्सची चरित्रे जातात. फरक इतकाच, की तेथे अखेरीस देव धावतो, येथे चिकाटी धावते. संतचरित्रातून देव वजा केला की जे उरते ते यशोग्रंथ, असे म्हणण्याचा मोह आम्हाला होतो. पण ते पूर्ण खरे नाही. भक्ताच्या कथेत भक्ताला आपण एकटे नाही हे ठाऊक असते. पॅलिसीला असे कोणीच नाही. आणि त्याच्या पत्नीचे म्हणणे काय होते, हे ना पॅलिसीने सांगितले ना स्माइल्सने. ती केवळ कुरकुर करणारी म्हणून कथेत येते. जिच्या घराच्या फळ्या जळत होत्या तिची कुरकुर ऐकण्याजोगी असावी. ‘सेल्फ-हेल्प’मध्ये स्त्रिया जवळजवळ नाहीतच, ज्याला आईच्या दुकानाने शिकविले त्याच्या ग्रंथात ही उणीव विशेष जाणवते.

मदत करणाऱ्यांना कथेबाहेर ठेवल्याखेरीज ‘स्वतःच्या बळावर’ हा शब्दप्रयोग साधत नाही. याचा एक पुरावा तर आपल्या भाषेच्या अंगणातला आहे. स्माइल्सच्या वीरांत विल्यम कॅरी आहे. जोडे शिवणारा, स्वतःच्या हिमतीवर भाषा शिकलेला, हिंदुस्थानात येऊन श्रीरामपूर येथे मिशन स्थापन करणारा. गव्हर्नर जनरलच्या मेजावर कोणी त्याच्या पूर्वीच्या धंद्याचा कुजबुजत उल्लेख केला, तेव्हा आपण जोडे बनविणारेही नव्हतो, फक्त दुरुस्त करणारे होतो, असे त्याने बाणेदारपणे सांगितले, ही आख्यायिका स्माइल्स रंगवून सांगतो. मराठीच्या अभ्यासकाला कॅरी आठवतो तो दुसऱ्या कारणाने: १८०५ सालचे मराठीचे व्याकरण आणि १८१० सालचा मोडी टाइपातील मराठी-इंग्रजी कोश. आता हे दोन ग्रंथ एका जोडे शिवणाऱ्याने बंगालात बसून कोणाच्या आधारावर केले? फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ यांच्या. कॅरीने स्वतः व्याकरणाच्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केले आहे. स्माइल्सच्या पानावर मात्र वैजनाथ पंडित नाहीत. कॅरी कृतघ्न नव्हता, स्माइल्सही खोटारडा नव्हता. त्याच्या वाङ्मयप्रकारालाच पंडिताची अडचण होती. साहित्याच्या विद्यार्थ्याने या जागी थांबावे असे आम्हाला वाटते. रूपबंधाची म्हणून एक सक्ती असते, ती कोणाला आत घेते आणि कोणाला दाराबाहेर उभे करते, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडतो.

दुसरी जागा अधिक बोचरी. ‘धडाडी आणि धैर्य’ या विषयाच्या प्रकरणात स्माइल्स १८५७ वर येतो. ग्रंथ प्रसिद्ध होण्याआधी दोनच वर्षे घडलेली ही घटना. रक्त अजून वाळले नव्हते. त्याच्या मते हिंदुस्थानातील त्या झुंजीने ब्रिटिश राष्ट्रीय शीलातील निर्धार आणि स्वावलंबन पूर्वीच्या कोणत्याही प्रसंगापेक्षा अधिक ठळकपणे प्रकट केले. लॉरेन्स बंधू, दिल्लीचा वेढा, मूठभरांनी असंख्यांशी दिलेली टक्कर, हे सारे चिकाटीचे धडे म्हणून येते. हिंदी माणूस तेथे मुख्यतः तटबंदीच्या पलीकडचा. आता इंग्रजी शाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या हिंदी तरुणाच्या हाती हे पुस्तक आले आहे, अशी कल्पना करावी. पॅलिसीपाशी तो पॅलिसी होतो, कॅरीपाशी कॅरी होतो. दिल्लीपाशी आल्यावर त्याने कोण व्हावे? शिवाय पहिल्याच प्रकरणात एक सिद्धान्त आहे, की राष्ट्राची प्रगती म्हणजे व्यक्तींच्या उद्योगाची बेरीज आणि शासन हे त्या व्यक्तींचेच प्रतिबिंब. हा सिद्धान्त लीड्समधल्या पोराला उभारी देणारा आहे. परकीय सत्तेखालच्या पोराला मात्र तो सांगतो, की तुझ्या गुलामगिरीचे कारण तूच. आजही यशोग्रंथ वाचून झाल्यावर जो एक अपराधीपणा वाचकाच्या मनात मागे राहतो, त्याचे बीज येथे आहे. यश माझे असेल तर अपयशही सर्वस्वी माझेच. ना भरतीचे, ना पावसाचे, ना जातीचे.

हा प्रश्न जपानपुढे निराळ्या रीतीने आला. नाकामुरा मासानाओ हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतील विद्वान १८६६ मध्ये जपानी विद्यार्थ्यांचा पालक म्हणून लंडनला गेला. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ताच कोसळली, आणि त्याला परत फिरावे लागले. निघताना एका इंग्रज मित्राने ‘सेल्फ-हेल्प’ भेट दिले. जहाजावर त्याने ते पुनःपुन्हा वाचले. शिझुओका येथे, पदच्युत सरदारांच्या वस्तीत राहून त्याने केलेले भाषांतर १८७०-७१ मध्ये ‘साइगोकु रिश्शी हेन’ या नावाने निघाले. ‘पश्चिमेकडील देशांतील निश्चयी माणसांच्या कथा’ असा त्याचा साधारण अर्थ. लक्षात घ्यावे, ‘सेल्फ-हेल्प’ या शब्दाचे भाषांतर त्याने मथळ्यात केलेच नाही. त्याजागी मनाचा निश्चय बांधणे या अर्थाचा कन्फ्यूशियन परंपरेतला शब्द घातला. मुळातील उद्योजक त्यामुळे थोडा साधकासारखा दिसू लागला. जन्माने मिळालेला दर्जा आणि तनखा दोन्ही ज्यांचे जाऊ घातले होते, त्या सामुराई वर्गाच्या तरुणांना हे पुस्तक पाण्यावरच्या फळीसारखे वाटले. ते शाळांतून नेमले गेले, मेजी काळात त्याच्या प्रती दहा लाखांच्या घरात गेल्याचे सांगतात. सुताराच्या घरात जन्मलेल्या आणि पुढे मागाच्या सुधारणांनी प्रसिद्धी पावलेल्या साकिची टोयोडाच्या जन्मगावी त्याची प्रत आजही स्मारकात ठेवलेली आहे. नाकामुराने याच सुमारास (१८७२) मिलचा ‘ऑन लिबर्टी’ही जपानीत आणला, म्हणजे १८५९ ची जोडी त्याने तुटू दिली नाही. आमच्या मते त्याची ही दृष्टी फार मोलाची. नुसता स्माइल्स हाती दिला तर उद्योगी प्रजा घडेल. मिल सोबत असला तर प्रश्न विचारणारी.

अर्ल किन्मॉन्थ यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात जपानमधील पुढचा उतार दाखविला आहे. निश्चयाच्या जागी हळूहळू बढती आली, राष्ट्राच्या जागी नोकरी. १९०२ मध्ये तेथे ‘सेइको’ म्हणजे ‘यश’ याच नावाचे मासिक निघाले. त्याचा आदर्श अमेरिकन होता: ऑरिसन स्वेट मार्डन याने १८९७ मध्ये काढलेले ‘सक्सेस’. हा मार्डन लहानपणी अनाथ, परक्यांच्या घरी राबणारा. एका माळ्यावर त्याला स्माइल्सचे पुस्तक सापडले आणि आपण अमेरिकेचा स्माइल्स व्हावे असे त्याने ठरविले. झालाही.

अमेरिकेतला प्रवास आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे आणि खरे सांगायचे तर त्यात वाङ्मयीन गोडी कमी. फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातील तेरा सद्गुणांची वही ही त्याची पूर्वपीठिका. आजच्या सवयींच्या तक्त्यांचे मूळ तेथे सापडते. तिथला टापटिपीचा विनोद मात्र वारसांनी घेतला नाही. मार्डननंतर विचारशक्तीने संपत्ती खेचून आणण्याचा पंथ आला. वॉलेस वॉटल्सचे १९१० सालचे पुस्तक २००६ च्या ‘द सीक्रेट’चे प्रेरणास्थान ठरले. १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण दर चार कामगारांमागे एक बेकार होता. त्या मंदीच्या सावलीतच डेल कार्नेगीचे माणसे जोडण्याचे पुस्तक (१९३६) आणि नेपोलियन हिलचे श्रीमंतीचे पुस्तक (१९३७) ही दोन्ही निघाली. ज्या अँड्र्यू कार्नेगीच्या भेटीवर हिलने आपला सारा डोलारा उभा केला, त्या भेटीला हिलच्या शब्दाखेरीज दुसरा आधार सापडत नाही. असो. महत्त्वाचा बदल निराळाच होता. स्माइल्सचा शब्द होता शील. कार्नेगीपासून शब्द आला व्यक्तिमत्त्व. शील एकांतातही असते, व्यक्तिमत्त्वाला प्रेक्षक लागतो. मराठीत ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाखाली जे वर्ग चालतात त्यांत हस्तांदोलन, पोशाख, मुलाखत आणि सभाधीटपणा शिकवितात, सत्य बोलण्याचा तास तेथे नसतो, याचे कारण हे शंभर वर्षांपूर्वीचे भाषांतर आहे. स्टीफन कव्हीने १९८९ मध्ये हाच भेद सांगून पुन्हा शीलाकडे चला असे म्हटले. पण त्याच्याही पुस्तकाचे नाव परिणामकारकतेवरच बेतलेले होते.

आपल्याकडे काय झाले? प्रयत्नवादाचा उपदेश मराठीला नवा नव्हता. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकात करंट्याची लक्षणे आणि सदेवाची लक्षणे असे दोन समास लागोपाठ येतात आणि नशीब म्हणून जे म्हटले जाते ते बरेचसे आळसाचे दुसरे नाव असल्याचे समर्थ सुनावतात. त्याच दशकाचा पहिला समास तर अक्षर कसे काढावे, शाई व कागद कसे राखावेत, यावर आहे. आजचा कोणताही कार्यक्षमतेचा गुरू इतका नेमका नाही. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्वावलंबन’ या शब्दाने महाराष्ट्रात जे घडविले ते एकट्यादुकट्याचे नव्हते, हे आम्हाला विशेष वाटते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली; त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठरविले. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, दळण दळीत, शेतात राबत आणि शिकत. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. लीड्सची ती कळकट खोली आणि साताऱ्याचे हे वसतिगृह यांची गाठ इतिहासात कधी पडली नाही. पण प्रस्तावनेतली हरवलेली मुले आम्हाला तेथे भेटतात.

आणखी एक भाषिक गंमत. ‘सेल्फ-हेल्प’ हा इंग्रजी शब्द आज आपल्याकडे दोन वाटांनी आला आहे. एक वाट पुस्तकांच्या दुकानातली. दुसरी १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला त्या वाटेने आलेली ‘सेल्फ-हेल्प ग्रुप’ ही संज्ञा. सरकारी कागदावर तिचे ‘स्वयंसहाय्यता गट’ झाले. पण बायकांनी ते जड नाव बाजूला सारून ‘बचत गट’ हे आपले नाव रूढ केले. दहा-वीस जणी, महिन्याची ठरलेली रक्कम, एक वही, एक पेटी. होलियोकला हा अर्थ ताबडतोब कळला असता. बचत गटातली बाई दुकानातले ‘सेल्फ-हेल्प’ वाचीत नाही आणि ते वाचणाऱ्याला बचत गट हा आपल्या विषयाचा भाग वाटत नाही. एकाच शब्दाची ही दोन भावंडे एकमेकांना ओळखत नाहीत.

स्माइल्सच्या अखेरच्या वर्षांविषयी थोडे सांगावयाचे राहिले. १८७१ मध्ये अतिश्रमाने त्याला अर्धांगाचा झटका आला. लिहिणे पुन्हा शिकावे लागले, माणसांची नावे आठवेनात. शेकडो माणसांची चरित्रे जिभेवर असणाऱ्याची नावेच जावीत, ही क्रूर थट्टा होती. तो त्यातूनही उठला, काटकसरीवर आणि कर्तव्यावर ग्रंथ लिहिले. परंतु शतक संपता संपता वाचक बदलला होता. ‘कॉन्डक्ट’ या नावाचे त्याचे शेवटचे हस्तलिखित त्याच मरे यांच्या संस्थेने नाकारले आणि त्याच्या मृत्यूनंतर ते नष्ट करण्यात आले. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट ट्रेसेलच्या कादंबरीत तर रंगारी कामगारांच्या तोंडून या पुस्तकाची खिल्ली उडविलेली आढळते. ज्या वर्गासाठी ते लिहिले त्याच वर्गाने ते परत केले होते.

यंदा आम्ही वर्गात एक प्रयोग केला. ‘सेल्फ-हेल्प’ची प्रस्तावना आणि कॅरीविषयीचे पान मुलांना वाचावयास दिले, मग ज्याने त्याने आपल्या आवडीच्या यशोग्रंथातील कोणतीही एक कथा घ्यावी आणि तिच्यात ज्यांची नावे नाहीत अशा मदत करणाऱ्यांची यादी करावी, असे सांगितले. याद्या लांबच लांब निघाल्या. एकाने पुस्तक बाजूला ठेवून स्वतःचीच यादी केली होती: आई, डबा देणारी शेजारीण, रात्रपाळी बदलून घेणारा सोबती, फी भरण्याची मुदत वाढवून देणारे कार्यालयातले कारकून. दुसऱ्या एका मुलीने विचारले, त्या कॉलऱ्याच्या खोलीतला एक जण कारखानदार झाला हे कळले. बाकीच्या नव्व्याण्णव जणांचे पुढे काय झाले? आम्ही पुस्तक पुन्हा पाहिले. स्माइल्सने ते लिहिलेले नाही.